ऑगस्टमध्ये मायग्रेशन बघायचंय? मग ठिकाणं कमी करा, मारामधल्या रात्री वाढवा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुण्याहून पाच जण, तुम्ही दोघं, ११ वर्षांची मुलगी, बाबा ६९ आणि आई ६४. ऑगस्टमध्ये केनिया, हातात सात रात्री. एजंटने दिलेला प्लॅन असा: नैरोबी एक रात्र, अंबोसेली दोन, नाकुरू एक, नैवाशा एक, मसाई मारा दोन, आणि वर "रिव्हर क्रॉसिंग गॅरंटीड" असं लिहून दिलंय. आईंचे गुडघे दुखतात, बाबा पूर्ण शाकाहारी. आणि तुम्ही विचारताय की एवढा खर्च करून क्रॉसिंग, म्हणजे हजारोंचा कळप मारा नदी ओलांडताना, दिसेल ना.

मी २००९ पासून दरवर्षी महाराष्ट्रातले ग्रुप घेऊन केनिया-टांझानियाला जातोय, त्यामुळे सरळच सांगतो, हा प्लॅन घेऊ नका. यातलं एकही ठिकाण वाईट नाही, अंबोसेलीत किलीमांजारोसमोरून जाणारे हत्ती बघून माणसं गप्प होतात हे मी दरवेळी बघतो. पण तुम्हाला बघायचंय मायग्रेशन, म्हणजे लाखो प्राण्यांचं स्थलांतर, आणि या प्लॅनमध्ये मायग्रेशनला मिळतोय जेमतेम दीड दिवस. हिशोब करून बघा. पहिल्या दिवशी नैवाशाहून निघून माराला पोचेपर्यंत दुपारचे तीन-चार वाजणार, दुसरा दिवस पूर्ण, तिसऱ्या दिवशी नाश्ता करून परतीचा रस्ता. त्या एका पूर्ण दिवसात कळपाला नदी ओलांडावीशी वाटली तर ठीक, नाहीतर नाही. आणि कळपाला आपल्या तारखा माहीत नसतात.

गॅरंटीचं म्हणाल तर क्रॉसिंगची गॅरंटी जगात कोणी देऊ शकत नाही. माराच्या काठावर वीस-पंचवीस वर्षं काढलेले, तिथल्या मसाई जमातीचे गाइडही देत नाहीत. ते फक्त एवढंच सांगतात की आज कळप अमुक वळणावर साठतोय, जाऊन बसूया. ज्याने लेखी गॅरंटी दिलीय त्याला एकच प्रश्न विचारा, नाही दिसलं तर किती पैसे परत? उत्तर ऐकून तुम्हालाच कळेल.

आता हे प्राणी नेमके करतात काय ते थोडं समजून घ्या, कारण त्यावरच सगळं प्लॅनिंग उभं राहतं. मायग्रेशन म्हणजे जुलैमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये संपणारा सोहळा नाही, ते वर्षभर चालू असतं. विल्डेबीस्ट (गुरांसारखे दिसणारे मोठे हरणवर्गीय प्राणी), झेब्रे आणि गझेल ही छोटी हरणं टांझानियातलं सेरेंगेटी आणि केनियातलं मसाई मारा यांच्यामध्ये गोल फिरत राहतात, जिकडे गवत आणि पाऊस असेल तिकडे. विमानातून केलेल्या मोजणीत विल्डेबीस्टचा आकडा १३ लाखांच्या आसपास धरला जातो. अलीकडे २०२२ आणि २०२३ च्या सॅटेलाइट फोटोंवरून कॉम्प्युटरने मोजलं तेव्हा तो सहा लाखांच्याही खाली आला, त्यावर अभ्यासकांमध्ये अजून चर्चा चालू आहे. काठावर उभं राहिल्यावर मात्र आकड्याचा विचार डोक्यात येत नाही, जमीन हलतेय असं वाटतं.

जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत हे सगळे दक्षिणेला, न्दुतूच्या आजूबाजूच्या आखूड गवताच्या पठारावर असतात. ती जमीन ज्वालामुखीच्या राखेची, गवतात कॅल्शियम-फॉस्फरस भरपूर, त्यामुळे माद्या तिथेच वितात. फेब्रुवारीत दोन-तीन आठवड्यांत लाखोंनी पिल्लं जन्माला येतात, आणि जन्मल्यावर काही मिनिटांत उभी राहून पळायला लागतात. एप्रिल-मेमध्ये मोठा पाऊस असतो, तेव्हा कळप मध्य आणि पश्चिम सेरेंगेटीकडे सरकतात, जूनच्या सुमाराला ग्रुमेती नदीकडे. दक्षिणेतलं पाणी आणि गवत तोपर्यंत संपत आलेलं असतं. उत्तरेत पाऊस जास्त पडतो आणि मारा नदीला कोरड्या दिवसांतही पाणी असतं, म्हणून जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत ते उत्तर सेरेंगेटी आणि मसाई मारा या पट्ट्यात राहतात, आणि नोव्हेंबरचा छोटा पाऊस सुरू झाला की परत दक्षिणेला. हे झालं सर्वसाधारण. पाऊस दोन आठवडे पुढेमागे झाला की कळपही पुढेमागे होतात, २०१० नंतर मी असं कितीतरी वर्षं बघितलंय. म्हणजे तुमचा ऑगस्ट बरोबर निवडलाय, त्याबद्दल काळजी नको.

एक गोष्ट इथेच सांगतो कारण ती मला फार महत्त्वाची वाटते आणि आपल्या देशाशी तिचा खरा संबंध आहे. तुमच्या बाबांच्या वयाच्या, गावाकडे गुरं बघितलेल्या माणसाला बुळकांडी हा शब्द माहीत असतो. हाच गुरांचा रोग १८८० च्या दशकाच्या शेवटी पूर्व आफ्रिकेत शिरला, इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर, आणि ती गुरं भारतातून आली होती असं बहुतेक इतिहासात नोंदलेलं आहे. मसाई लोकांची गुरं गेली, उपासमार झाली, आणि विल्डेबीस्टही हजारोंनी मेले. पुढची सत्तर वर्षं हा रोग तिथे ठाण मांडून होता. १९६० च्या सुमारास सेरेंगेटीत विल्डेबीस्ट होते अडीच लाखांच्या आसपास. मग आजूबाजूच्या गुरांना लस दिली, रोग हटला, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस तोच आकडा १३ लाखांच्या घरात गेला. म्हणजे आज आपण जे बघायला जातो ते गुरांच्या डॉक्टरांनी परत मिळवून दिलेलं आहे. २०११ मध्ये बुळकांडी जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. बाबांना हे जायच्या आधी नक्की सांगा, त्यांना तो कळप वेगळाच दिसेल.

तर आता क्रॉसिंग. बहुतेकांच्या डोक्यात टीव्हीवरचं चित्र असतं, कळप आला, उड्या मारल्या, मगर आली, संपलं. प्रत्यक्षात यातला नव्वद टक्के भाग म्हणजे थांबणं. सकाळी आठच्या सुमाराला काठापासून लांबवर कळप दिसायला लागतो, ओळीने येत राहतो, तासाभरात हजार-दोन हजार होतात. पुढचे चार-पाच, बऱ्याचदा झेब्रेच, उतारावरून पाण्यापर्यंत येतात, वास घेतात, आणि काहीच कारण नसल्यासारखे मागे पळतात. की सगळा कळप मागे. परत अर्ध्या तासाने तेच. असं पाच-सहा वेळा होतं. त्यांच्यात कोणी म्होरक्या नसतो. एकाने उडी घेतली की मग मागच्याला पर्याय राहत नाही, मागून रेटा येतो, आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं, कधी एक तास, थांबतच नाही. धूळ, तो घुमणारा हंबरडा, ओल्या अंगाचा वास. कधी दोनशे जातात, कधी दहा हजार. आणि कधी संध्याकाळी साडेपाचला पूर्ण कळप शांतपणे वळून चरत चरत निघून जातो.

२०११ ची गोष्ट, माझ्याबरोबर बारा जण, दोन गाड्या. साडेतीन तास काठावर बसलो होतो, बरोबर फक्त बिस्किटं होती, लोकांना भूक लागली, दोघांना बाथरूमला जायचं होतं, म्हणून मी लॉजवर परत जायचा निर्णय घेतला. निघून वीस मिनिटं झाली आणि रेडिओवर आवाज आला की कळप उतरला. गाड्या वळवून पोचेपर्यंत शेवटचे पन्नास-साठ राहिले होते आणि वर धुळीचा ढग. त्या बारा जणांपैकी एक जण परत कधी आफ्रिकेला येऊ शकला नाही, तब्येतीमुळे. तेव्हापासून नियम केला, क्रॉसिंगच्या दिवशी नाश्ता आणि जेवण दोन्ही डब्यात बरोबर घ्यायचं आणि सकाळी सहाला गेटच्या आत. आपल्याला ताडोबाची सवय असते, सकाळची राउंड, मग लॉजवर जेवण-झोप, मग दुपारची राउंड. मारामध्ये तसं बंधन नाही, झोनही नसतात, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा आत राहता येतं, आणि क्रॉसिंग बरेचदा नेमकं अकरा ते तीनच्या मधे होतं जेव्हा निम्म्या गाड्या जेवायला गेलेल्या असतात.

आणखी एक सांगायचंय आणि हे मी प्रत्येक ग्रुपला निघायच्या आधी सांगतो. कळप पाण्याजवळ येत असताना गाडी पुढे घ्यायला ड्रायव्हरला कधी सांगू नका. एखादी गाडी कडेला सरकली, इंजिन सुरू झालं, की पुढचे प्राणी बुजतात आणि सगळं मोडतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे सोपा उतार सोडून ते उभ्या कड्यावरून उड्या मारतात आणि पाय मोडून घेतात. जुलै २०२५ मध्ये उत्तर सेरेंगेटीत पर्यटक गाड्यांतून खाली उतरून काठावर उभे राहिले आणि कळपाची वाटच अडली, तो व्हिडिओ सगळीकडे फिरला होता, बघवत नव्हता. मारा नदीत दरवर्षी सरासरी सहा हजारांवर विल्डेबीस्ट बुडून मरतात असं अभ्यासात मोजलं गेलंय, त्यावर मासे, मगरी, गिधाडं जगतात, तो नदीचा हिशोब आहे. त्यात आपल्या गाडीमुळे भर पडायला नको. चांगला गाइड आधी दोन-तीनशे मीटर मागे झाडाखाली थांबतो आणि पहिले प्राणी पाण्यात पडल्यावरच पुढे जातो. तुमचा तसं करत असेल तर त्याला मनापासून धन्यवाद द्या, आणि बाजूच्या गाड्या पुढे गेल्या म्हणून त्याच्यावर चिडू नका.

मग तुमच्या सात रात्रींचं काय करायचं? माझ्या मते अंबोसेली पूर्ण काढा. ते दक्षिणेला, मारा पश्चिमेला, मधे नैरोबी, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला अख्खा दिवस गाडीत, आईंचे गुडघे बघता हे नकोच. नाकुरूसाठी वेगळी रात्र नको. पहिली रात्र नैरोबी, दुसरी नैवाशा, मग चार रात्री मारा, शेवटची नैरोबी. नैवाशाला संध्याकाळी बोटीतून पाणघोडे आणि मासे पकडणारे गरुड दिसतात, मुलीला हमखास आवडेल, आणि गेंडा बघायचाच असेल तर सकाळी लवकर निघून नाकुरू करता येतं, तिथे काळा-पांढरा दोन्ही गेंडे आहेत. पण थकवा वाटला तर सोडून द्या. मारामध्ये पूर्ण तीन दिवस आणि दोन अर्धे दिवस मिळाले की ऑगस्टमध्ये क्रॉसिंग दिसायची शक्यता खूपच चांगली होते. आणि समजा नाही दिसलं तरी चार रात्रींत सिंह, चित्ता, बिबट्या, हत्ती आणि क्षितिजापर्यंत पसरलेले कळप हे सगळं निवांत बघून होतं, त्यामुळे कोणी नाराज होऊन परत येत नाही.

या चार रात्री कुठे काढायच्या हा खरा महत्त्वाचा निर्णय आहे आणि एजंट लोक याबद्दल सहसा बोलत नाहीत. मसाई मारा नॅशनल रिझर्व्ह म्हणजे साधारण १५१० चौरस किलोमीटर. त्याचा नदीच्या पश्चिमेकडचा भाग म्हणजे मारा ट्रँगल, त्याची व्यवस्था २००१ पासून मारा कॉन्झर्व्हन्सी नावाची संस्था बघते, रस्ते बरे, शिस्त बरी, गाड्या तुलनेने कमी. पूर्वेकडे सेकेनानी आणि तालेक गेट, बहुतेक बजेट लॉज तिकडे, गर्दीही तिकडे. आणि रिझर्व्हच्या बाहेर उत्तरेला मसाई लोकांच्या स्वतःच्या जमिनीवर कॉन्झर्व्हन्सी म्हणजे खाजगी राखीव क्षेत्रं आहेत, नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ वगैरे. तिथे जमीनमालक मसाई कुटुंबांना दर महिन्याला भाडं मिळतं, कॅम्प मोजके, गाड्या मोजक्या, रस्ता सोडून गवतात गाडी नेता येते, रात्रीची सफारी करता येते. रिझर्व्हमध्ये या दोन्ही गोष्टी चालत नाहीत. पण मोठं क्रॉसिंग कॉन्झर्व्हन्सीमध्ये नाही, त्यासाठी रिझर्व्हमध्येच यावं लागतं.

बजेट बसत असेल तर मी तुम्हाला दोन रात्री कॉन्झर्व्हन्सी आणि दोन रात्री ट्रँगलमध्ये किंवा नदीजवळ असं सांगेन. नसेल बसत तर पहिली रात्र गेटबाहेर आणि पुढच्या तीन ट्रँगल किंवा नदीपासून तासाभराच्या आतलं एखादं साधं पण चांगलं लॉज. सेकेनानी गेटबाहेर स्वस्त लॉज घेऊन रोज नदीपर्यंत जाणं-येणं करू नका, जायला दोन तास, यायला दोन तास, काठावर थांबायला वेळच उरत नाही.

फीचं गणित नीट समजून घ्या कारण इथे लोकांचे पैसे उगाच जातात. २०२४ पासून रिझर्व्हची परदेशी पर्यटकांची फी जुलै ते डिसेंबर माणशी २०० डॉलर आहे, जानेवारी ते जून १०० डॉलर, मुलांना कमी. आणि हे तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असं बारा तासांचं, पूर्वीसारखं चोवीस तासांचं नाही. म्हणजे तुम्ही संध्याकाळी चारला गेटवर पोचून आत गेलात तर दोन तासांसाठी माणशी २०० डॉलर गेले. चार मोठ्यांचे ८०० डॉलर, दोन तासांचे. म्हणून पहिली रात्र कॉन्झर्व्हन्सीत किंवा गेटबाहेर ठेवायची आणि रिझर्व्हचे दिवस पूर्ण वापरायचे, सकाळी सहाला आत, संध्याकाळी सहाला बाहेर. शेवटच्या दिवशीही आतल्या लॉजमधून सकाळी वेळेत बाहेर पडावं लागतं नाहीतर अजून एक तिकीट लागतं, ती वेळ लॉजला विचारून ठेवा. एजंटच्या कोटेशनमध्ये पार्क फी किती दिवसांची धरलीय हे आकड्यात लिहून मागा. "पार्क फी इन्क्लुडेड" एवढ्यावर विश्वास ठेवू नका, मी तिथल्या गेटवर भांडणं होताना बघितलीयत, आणि त्यात म्हातारी माणसं उन्हात उभी असतात.

गाडी. लँड क्रूझरच घ्या, वर उघडणारं छत असलेली. मिनीव्हॅन स्वस्त पडते पण ऑगस्टमध्येही व्हिक्टोरिया सरोवराकडून दुपारचा पाऊस येतो, आणि मारामध्ये आपल्या विदर्भासारखी काळी माती आहे, अर्धा तास पाऊस झाला की चिखल असा चिकटतो की व्हॅन जागची हलत नाही. पाच जणांना एक लँड क्रूझर एकदम बरोबर, प्रत्येकाला खिडकी मिळते. दुसऱ्या कुटुंबाबरोबर शेअर करू नका, एकाला सिंह बघायचा असतो, दुसऱ्याला काठावर थांबायचं असतं, त्यात दोघांचंही काही होत नाही. गाडीची पायरी उंच असते, आईंसाठी घडीचं छोटं स्टूल गाडीत ठेवायला आधीच सांगून ठेवा, आणि त्यांना मागच्या चाकावरची सीट नको, ड्रायव्हरच्या लगेच मागची द्या, हादरे कमी बसतात.

नैरोबी ते मारा रस्त्याने पाच-सहा तास, नारोकपर्यंत रस्ता चांगला. विमानाने विल्सन एअरपोर्टवरून पाऊण तासाच्या आसपास, पण छोटं विमान, सामान माणशी १५ किलो आणि तेही मऊ बॅगेत, कडक सुटकेस घेत नाहीत. नैवाशा करणार असाल तर जाताना रस्त्याने जा, रिफ्ट व्हॅलीचा तो उतार बघण्यासारखा आहेच, आणि येताना आई-बाबांसाठी तरी विमान घ्या. माराहून थेट सेरेंगेटीत गाडीने जाऊ का असंही खूप लोक विचारतात, नकाशावर दोन्ही चिकटलेले दिसतात म्हणून. तिथे पर्यटकांसाठी बॉर्डर नाही. इसेबानियाच्या बॉर्डरवरून मोठा वळसा घालून जावं लागतं आणि दिवस जातो. सात रात्रींत दोन देश करू नका.

आई-बाबांबद्दल. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही थोडं उंच, आणि ऑगस्टमध्ये पहाटे १०-१२ डिग्री असतं, उघड्या छतातून वारा लागतो. आफ्रिका म्हणजे गरम असं समजून लोक नुसते टी-शर्ट घेऊन येतात आणि पहिल्याच सकाळी कुडकुडतात. स्वेटर, कानटोपी, वाऱ्याचं जॅकेट पाहिजेच. दुपारी ऊन कडक. बाथरूमचं म्हणाल तर एअरस्ट्रिप आणि रेंजर पोस्टवर सोय असते, बाकी गाइड आधी आजूबाजूला बघून घेतो आणि गाडीच्या मागे जायचं. हे बायकांना आधी मोकळेपणाने सांगितलेलं बरं, नाहीतर दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मग डोकं दुखायला लागतं. बलून राइड साधारण ४५० ते ५०० डॉलर माणशी, अनुभव सुंदर आहे, पण उतरताना टोपली आपटते, कधी आडवी होते, आईंना मुळीच नको.

जेवणाची खरंच काळजी करू नका. केनियात भारतीय लोक सव्वाशे वर्षांहून जास्त काळ आहेत, रेल्वे बांधायला १८९६ पासून गेलेले आणि त्याआधीपासूनचे गुजराती व्यापारी, त्यामुळे लॉजवाल्यांना शाकाहारी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, डाळ-भात-चपाती मिळते, जैन जेवणही आधी कळवलं तर मिळतं. स्वाहिलीत चपातीला चपातीच म्हणतात, चहाला चाय, पैशाला पेसा, गाडीला गारी, विम्याला बिमा. मुलीला हे शब्द शोधायला लावा, ड्रायव्हरकाकांशी तिची दोन दिवसांत गट्टी होईल. एकच लक्षात ठेवा, केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे. आपल्याकडे लाडू, चिवडा, थेपले सगळं पिशव्यांत बांधायची सवय, ते चालत नाही. स्टीलचे डबे आणि कापडी पिशव्या घ्या, कंपनीचं सीलबंद पाकीट असेल तर अडचण नाही. जून २०२० पासून पार्कात एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत, प्रत्येकाची स्टीलची बाटली घ्या.

यलो फीवरची लस सगळ्यात आधी करा. केनियाहून भारतात परत येताना कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस सरकारने ठरवून दिलेल्या सेंटरमध्येच मिळते, घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य धरतात आणि एकदा घेतली की आयुष्यभर चालते. पण साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदा घेताना त्रास व्हायची शक्यता वाढते, म्हणून आई आणि बाबा दोघांनाही आधी त्यांच्या फॅमिली डॉक्टरकडे न्या, सगळी औषधं दाखवा, आणि ते नको म्हणाले तर तसं सर्टिफिकेट कसं घ्यायचं आणि ते परत येताना चालेल का हे लसीकरण सेंटरमध्येच विचारा. ट्रिपचे पैसे भरायच्या आधी हे करा, नंतर नाही. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या. इन्शुरन्समध्ये विमानाने हॉस्पिटलला हलवायचा खर्च धरलाय ना ते बघा, मारामध्ये मोठं हॉस्पिटल नाही, नैरोबीलाच आणावं लागतं. व्हिसाचं सोपं आहे, २०२४ पासून केनियाला ऑनलाइन ईटीए (प्रवासाची आधी घ्यायची परवानगी) लागतं, तीसेक डॉलरच्या आसपास, दोन आठवडे आधी काढून टाका, प्रत्येकाचं वेगळं, मुलीचंही. डॉलरच्या नोटा नव्या आणि स्वच्छ घ्या, जुन्या सिरीजच्या घेत नाहीत.

बाकी वाचणाऱ्यांसाठी एक. मे महिन्याच्या सुट्टीत केनियात मायग्रेशन बघायला येऊ का असं मला दरवर्षी विचारतात. नाही. तेव्हा कळप टांझानियात असतात आणि पाऊस असतो, बाकी सफारी चांगली होईल आणि फीसुद्धा निम्मी, पण कळपासाठी येऊ नका. दिवाळीचं दिवाळी कधी येते त्यावर आहे, २०२८ सारखी ऑक्टोबरच्या मध्यावर आली तर कळप मारामध्ये मिळायची चांगली आशा असते, २०२६ सारखी नोव्हेंबरमध्ये गेली तर बहुतेक परत फिरलेले असतात. आणि जे रिटायर्ड आहेत, शाळेच्या सुट्ट्यांशी ज्यांना देणंघेणं नाही, त्यांना माझा आग्रह आहे की फेब्रुवारीत न्दुतूला जा. टांझानियातल्या आरुशाहून न्गोरोंगोरोमार्गे जाता येतं, नदीकाठची वाट बघणं नाही, गर्दी तुलनेने कमी, आणि समोर एक पिल्लू जन्माला येऊन थरथरत उभं राहताना दिसतं. मला विचाराल तर क्रॉसिंगपेक्षाही ते जास्त मनात राहतं.

सामानात प्रत्येकाला स्वतःची दुर्बीण, ८ बाय ४२ ची पुरे. एकच दुर्बीण पाच जणांत फिरवली की कोणालाच काही दिसत नाही. कॅमेऱ्याला १००-४०० ची लेन्स असेल तर उत्तम, ड्रोन अजिबात आणू नका, जप्त होतं. प्लग इंग्लंडसारखा चौकोनी तीन पिनांचा. बस्स.

दोन-तीन वर्षांपूर्वी माझ्याबरोबर साताऱ्याच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, बहात्तर वर्षांच्या. क्रॉसिंग संपलं, बाकी सगळे फोटो बघण्यात गुंग, आणि त्या एकट्याच दुर्बिणीतून पलीकडचा काठ बघत होत्या. एक मादी पोचली होती आणि तिचं पिल्लू मागे राहिलं होतं. ती काठावर ओरडत फिरत होती, मग परत पाण्यात शिरली, उलट्या दिशेने पोहत अलीकडे आली. असं होतं बऱ्याचदा, पण गाड्या तोपर्यंत निघून गेलेल्या असतात म्हणून कोणाला दिसत नाही. बाईंनी आम्हाला अजून अर्धा तास थांबवलं आणि त्या अर्ध्या तासात ते दोघं एकमेकांना वासावरून सापडले. म्हणून तुमच्या ड्रायव्हरलाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, क्रॉसिंग संपल्यावर लगेच गाडी काढायची नाही, आम्हाला पलीकडचा काठ बघायचाय.

आणि ऑगस्टच्या खोल्या आठ-दहा महिने आधी भरतात, ट्रँगलमधल्या तर त्याहून लवकर, त्यामुळे डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की एजंटला लगेच सांगा, अंबोसेली काढ, मारा चार कर, पार्क फीचे दिवस लिहून दे आणि स्वतंत्र लँड क्रूझर दे. तो नवीन कोटेशन देईल ते इथे टाका, मी बघून सांगतो.